रबर प्लांटची माती बारा दिवस झाले तरी ओलीच

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. दोन-अडीच महिन्यांपूर्वी १२ सेंटिमीटरच्या कुंडीत आणलेला रबर प्लांट तुम्ही ३० सेंटिमीटरच्या कुंडीत हलवला. तळाशी चार बोटे खडे अंथरले, वर कोकोपीट आणि गांडूळखत निम्मेनिम्मे भरले. आता खालची पाने पिवळी पडून गळताहेत, वरच्या पानांनी माना टाकल्या आहेत. शेवटचे पाणी घालून बारा दिवस झाले तरी माती ओली आहे आणि कुंडीजवळ नाक नेले की कुबट वास येतो. कुणी सांगते वाळू मिसळा, कुणी सांगते भोके वाढवा. यातले काय करावे?

दोन्ही नका करू, निदान आज तरी नको. आधी झाड कुंडीतून काढा आणि मुळे बघा. रोपवाटिकेत कुंड्या भरण्यात माझी पंचवीस वर्षे गेली. वरून पाने बघून सांगितलेला आजार माझाही बरेचदा चुकतो, मुळे बघून सांगितलेला क्वचित. तरी तुमच्या बाबतीत मुळे बघण्याआधीच एक गोष्ट दिसतेय: दोष झारीचा कमी आणि कुंडीच्या आकाराचा जास्त आहे.

हिशेब करून बघा. १२ सेंटिमीटरच्या कुंडीत साधारण १ लिटर माती मावते. ३० सेंटिमीटरच्या कुंडीत मावते १४ लिटरच्या आसपास. म्हणजे पाणी पिणारी सगळी मुळे मधल्या एका लिटरात, आणि भोवती १३ लिटर माती अशी, की जिच्यातले पाणी प्यायला कुणीच नाही. पृष्ठभागावरून थोडेफार उडून जाते, बाकीचे तिथेच बसून राहते. ‘सारखी कुंडी बदलायला नको म्हणून एकदाच मोठी घेतली’ हे मी इतक्यांदा ऐकले आहे, की हल्ली रोप देतानाच विचारतो, कशात लावणार आहात?

आता ‘पाणी जास्त झाले’ म्हणजे नेमके काय झाले ते समजून घ्या, कारण पुढचे सगळे उपाय त्यावर उभे आहेत. झाडाला पाण्याचे वावडे नसते. मनी प्लांटची फांदी नुसत्या पाण्याच्या बाटलीत वर्षानुवर्षे जगते. मातीविना शेती करणारे मुळे दिवसरात्र पाण्यात ठेवतात, फक्त त्या पाण्यात पंपाने हवा सोडत राहतात. कुंडीतले मूळ मरते ते गुदमरून. मुळांनाही श्वास लागतो आणि तो मातीच्या कणांमधल्या मोकळ्या जागेतून मिळतो. त्या जागेत पाणी भरले की ऑक्सिजनची वाट बंद होते, कारण हवेत तो जितक्या वेगाने पसरतो त्याच्या जवळजवळ दहा हजारपट हळू तो पाण्यातून पसरतो. एखादा दिवस असे झाले तर झाड निभावून नेते. बारा दिवस म्हणजे फार झाले.

यातली सगळ्यात फसवी गोष्ट म्हणजे पानांचे माना टाकणे. ऑक्सिजन कमी पडला की मुळांच्या पेशींमधली पाणी आत घेण्याची दारे मिटू लागतात. भोवती पाणीच पाणी आणि झाड तहानलेले. वरून ते हुबेहूब सुकलेल्या झाडासारखे दिसते, आणि आपण काय करतो? आणखी पाणी घालतो. माझ्याकडे आलेल्या कुंड्यांपैकी कितीतरी मेल्या त्या पहिल्या चुकीने नव्हे, या दुसऱ्या तांब्याने. पाने मलूल दिसली की आधी मातीत बोट घालायचे. माती कोरडी असेल तर पाणी, ओली असेल तर हात मागे.

गुदमरलेल्या मुळांवर मग सडवणारे येतात. यात मुख्य दोन, पिथियम आणि फायटोफ्थोरा. पिथियम हे नावच ‘सडणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे, आणि फायटोफ्थोरा म्हणजे वनस्पतीचा नाश करणारी. हे दुसरे नाव अँटोन डी बारी या जर्मन शास्त्रज्ञाने १८७६ मध्ये दिले. आपण त्यांना बुरशी म्हणतो, पण खरे तर त्या शेवाळांच्या जवळच्या नात्यातल्या. म्हणून बुरशीवर चालणारी बरीच औषधे त्यांच्यावर चालत नाहीत. त्यांच्या बीजाणूंना शेपट्या असतात आणि ते पाण्यातून पोहत मुळापर्यंत पोहोचतात. साचलेले पाणी काढून घेतले की त्यांचा रस्ताच बंद होतो. माझ्या मते ओतायच्या कुठल्याही औषधापेक्षा हा उपाय मोठा.

आता तळातल्या खड्यांबद्दल जरा सविस्तर बोलू, कारण हा समज फार खोल रुजलेला आहे. मी स्वतः पहिली सात-आठ वर्षे प्रत्येक कुंडीच्या तळाशी खडे आणि फुटक्या कुंड्यांच्या खापऱ्या इमानेइतबारे घातल्या, दुसऱ्यांनाही घालायला लावल्या. एकदा भर पावसानंतर सडलेल्या काही कुंड्या उपड्या केल्या. माती साच्यातून निघावी तशी अख्खी निघाली. खडे जवळजवळ कोरडे होते. त्यांच्या बरोबर वर, जिथे माती खड्यांना टेकत होती, तिथे तीन-चार बोटांचा काळा, लिबलिबीत थर होता. मुळे वरून खाली येत येत त्या थराच्या काठाशी थांबलेली, टोके तपकिरी. खडे कोरडे आणि त्यांच्यावर चिखल, हे तेव्हा माझ्या डोक्यात बसेना.

कारण साधे आहे. बारीक नळीत पाणी आपणहून वर चढते. १ मिलिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीत ते सुमारे ३ सेंटिमीटर चढते, ०.२ मिलिमीटरच्या नळीत सुमारे १५ सेंटिमीटर. मातीच्या कणांमधल्या फटी म्हणजे अशाच असंख्य वाकड्यातिकड्या नळ्या. जी ओढ पाण्याला वर चढवते तीच ओढ त्याला खाली पडू देत नाही. शेतात खालीही मातीच असते, त्यामुळे पाणी थराथराने खाली ओढले जाते. कुंडीला तळ असतो. तिथे पोहोचलेले पाणी भोकाबाहेर हवेत पडायला तयार नसते, ते फटींना धरून बसते. म्हणून प्रत्येक कुंडीच्या तळाशी, भोके कितीही असोत, एक थर भिजलेलाच राहतो. त्याची उंची ठरते मातीच्या बारीकपणावर. कुंडी वीतभर असो की हातभर, माती तीच असेल तर तो थर तेवढाच.

खडे घातल्यावर काय होते? खड्यांमधल्या पोकळ्या मोठ्या, त्यांना पाणी ओढून घेण्याची ताकद नाही. त्यामुळे वरची माती पूर्ण भिजून जड होईपर्यंत पाणी खड्यांत उतरतच नाही. भिजलेला थर जातो कुठे तर चार बोटे वर, म्हणजे नेमका मुळांच्या जवळ. निचरा वाढला नाही, उलट कुंडीच चार बोटे उथळ झाली.

हे पटत नसेल तर जाडजूड आयताकृती स्पंज घ्या. पाण्यात बुडवून पूर्ण भिजवा आणि दोन्ही तळव्यांवर आडवा धरा. ठिबकायचा थांबेपर्यंत थांबा. आता अजिबात न दाबता त्याला लांब कडेवर उभा करा, पाणी पुन्हा गळू लागेल. ते थांबले की आखूड कडेवर उभा करा, आणखी गळेल. स्पंज तोच, छिद्रे तीच, फक्त उंची वाढली. उथळ कुंडीत माती जास्त वेळ ओली राहते आणि खोल कुंडीत वरचा मोठा भाग लवकर मोकळा होतो, याचे कारण हेच. तळाच्या भोकावर जाळीचा एक तुकडा ठेवा, तोही माती वाहून जाऊ नये एवढ्याचसाठी. बाकी खडे अंगणात टाका.

भोके वाढवण्याचा सल्लाही इथेच निकालात निघतो. भोक बुजलेले असेल, कुंडीचा तळ बशीला चिकटून बसला असेल किंवा एकच करंगळीएवढे भोक असेल, तर ते मोकळे करायलाच हवे. काडी घालून बघा, पुष्कळदा मूळच बुचासारखे बसलेले सापडते. पण भोक मोकळे असून माती ओली राहत असेल तर दहा भोके पाडूनही तो थर हलणार नाही.

मग आज काय करायचे? कुंडी आडवी करा, कडेने थापट्या मारा आणि बुंध्याला धरून मुळांचा गोळा सावकाश बाहेर घ्या. जुन्या वर्तमानपत्रांची बोटभर जाड गड्डी करून गोळा तिच्यावर ठेवा. कागदाच्या फटी कोकोपीटपेक्षाही बारीक, त्यामुळे तो पाणी शोषून घेतो. खड्यांना जे जमले नाही ते कागदाला जमते. तासा-दोन तासांनी ओले कागद काढून कोरडे घाला. रात्रभरात गोळा हाताला हलका लागेल.

ज्यांची कुंडी एकट्याने उचलण्यासारखी नाही त्यांच्यासाठी दोन युक्त्या. एक, कुंडीच्या एका बाजूखाली वीट सरकवून ती तिरकी करा, अशी की एखादे भोक सगळ्यात खालच्या कोपऱ्यात येईल. भिजलेला थर मग त्या कोपऱ्यात गोळा होतो आणि बरेच पाणी निघून जाते. हा स्पंजचाच खेळ आहे. दुसरी युक्ती वातीची. जाड सुती किंवा नायलॉनची दोरी भिजवून भोकातून दोन-तीन बोटे आत सारायची आणि बाहेरचे टोक वीतभर खाली लोंबू द्यायचे. पाण्याला वाटते माती आणखी खाली चालू आहे, आणि ते दोरीवरून टपकत राहते. पहिल्यांदा केले तेव्हा मला ही जादूच वाटली होती. काही कुंड्यांत मी नायलॉनची वात कायमची ठेवून दिली आहे.

मुळे तपासणे मात्र टाळू नका. गोळ्याच्या कडेची माती हाताने झाडा, उरलेली बादलीतल्या पाण्यात हलवून सोडवा. मुळाच्या रंगावर भरवसा ठेवू नका. कोकोपीटमुळे निरोगी मुळेही तपकिरी दिसतात, स्नेक प्लांटची तर मुळातच नारिंगी असतात. चिमटीत धरून हलके ओढून बघा. जिवंत मूळ टणक लागते, दाबले तर चेपत नाही. सडलेल्या मुळाची साल मोज्यासारखी सरकून चिमटीत येते आणि मागे केसासारखा पांढरट दोरा लोंबत राहतो. एकदा बोटांना हे कळले की पुन्हा कुणाला विचारावे लागत नाही. वासही घ्या. साधा मातकट वास ठीक. सडक्या अंड्यासारखा आला तर हवा संपून बरेच दिवस झाले, कारण तो वायू हवेविना जगणारे जिवाणू सोडतात.

सडलेले सगळे निरोगी भागापर्यंत कापून टाका. कात्री प्रत्येक वेळी स्पिरिटने पुसली तर उत्तम. रबर प्लांटच्या खोडावर नखाने किंचित ओरखडा काढा. आत हिरवे दिसले आणि दुधासारखा चीक आला तर वरचे झाड जिवंत आहे. मुळे निम्म्याहून जास्त उरली असतील तर पानांना हात लावू नका, ती पानेच नव्या मुळांसाठी अन्न तयार करणार आहेत. मुळे मूठभरही उरली नसतील तर मी खालची दोन-चार पाने काढतो आणि शेंड्याची एक फांदी कापून वेगळी रुजवायला लावतो. झाड गेले तर वाण तरी हातात राहतो.

आता माती. तुम्ही घातलेल्या मिश्रणात निम्मे गांडूळखत आहे, आणि माझ्या मते बिघाडाचे दुसरे कारण ते. गांडूळखत चांगलेच, पण ते दाणेदार दिसत असले तरी पाणी पडले की विरघळून लोण्यासारखे बारीक होते आणि कोकोपीटच्या फटींत जाऊन बसते. दहा भागांत एक भाग पुरे. कोकोपीटही दोन तऱ्हेचे मिळते. एक भुकटीसारखे, एक तंतू आणि लहान तुकडे असलेले. भुकटी स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवते, कुंडीत एकट्याने वापरायला ती अजिबात योग्य नाही.

आणि वाळू? वाळू मिसळली की माती मोकळी होते, हे अर्धे खरे आहे. काचेच्या पेल्यात सुपारीएवढे गोटे भरा. मधल्या पोकळ्या स्पष्ट दिसतील. त्यावर बारीक वाळू ओतून पेला हलवा. वाळू पोकळ्यांत शिरते, पेल्याची पातळी फारशी वाढत नाही आणि पोकळ्या नाहीशा होतात. बारीक वाळू कुंडीत हेच करते, आणि चिकण मातीत पडली तर वाळल्यावर विटेसारखी घट्ट होते. वाळूने फायदा व्हायचा तर ती भरड हवी, ज्वारीच्या दाण्याएवढी, धुऊन बारीक गाळ काढलेली. इंग्लंडातल्या जॉन इनेस संस्थेने १९३० च्या दशकात कुंड्यांसाठी जे प्रसिद्ध मिश्रण ठरवले त्यात ७ भाग पोयट्याची माती, ३ भाग पीट (दलदलीत साठलेला अर्धवट कुजलेला पालापाचोळा) आणि २ भाग वाळू होती. ती वाळू भरडच होती. आकडे सगळे पाठ करतात, ‘भरड’ हा शब्द विसरतात.

दुसरी चूक प्रमाणाची. पर्लाइट, म्हणजे तापवून फुलवलेल्या खडकाचे हलके दाणे, आणले आणि चार मुठी टाकून समाधान मानले, असे पुष्कळांचे होते. जाड कण एकमेकांना टेकेपर्यंत त्यांच्यामध्ये मोठी पोकळी तयारच होत नाही. तोवर ते शिऱ्यातल्या बेदाण्यासारखे नुसते तरंगत असतात, आणि त्यांच्याभोवती बारीक माती पूर्वीइतकीच ओली. फरक जाणवायचा तर जाड भाग मिश्रणाच्या निम्म्याच्या आसपास हवा. रबर प्लांटसाठी मी मापाने, वजनाने नव्हे, चार भाग पर्लाइट घेतो, तीन भाग तंतुमय कोकोपीट, दोन भाग नारळाच्या सोडणाचे किंवा झाडाच्या सालीचे बोटाच्या पेरापेक्षा लहान तुकडे आणि एक भाग कुजलेले खत. पर्लाइट नसेल तर ३ ते ६ मिलिमीटरचा विटेचा चुरा चालतो, फक्त कुंडी जड होते. पर्लाइट म्हणजे ज्वालामुखीच्या काचेसारखा खडक, सुमारे ९०० अंश सेल्सियसला तापवून लाहीसारखा फुलवलेला. कोरडे असताना त्याची धूळ उडते, ती छातीत जाऊ नये म्हणून पोत्यातच पाणी शिंपडून मग हाताळा. नावाच्या जवळिकीमुळे कुणी व्हर्मिक्युलाइट हातात दिले तर घेऊ नका. ते पाणी धरून ठेवणारे आहे, बी रुजवायला छान, तुमच्या कामाचे नाही.

मिसळण्याआधी सगळे डासांच्या जाळीच्या तुकड्यावर चाळा. खाली पडणारी भुकटी टाकून द्या किंवा बागेतल्या वाफ्यात पसरा. हे कंटाळवाणे काम आहे, पण निचऱ्यासाठी इतके स्वस्त दुसरे काही नाही. तळाचा भिजलेला थर किती जाड राहणार हे त्या भुकटीवरच ठरते.

मिश्रण जमले की नाही ते घरीच मोजता येते. मला ही चाचणी फार आवडते, कारण तिच्यात अंदाजाला जागा नाही. ज्या कुंडीत लावणार तिच्या भोकांवर बाहेरून चिकटपट्टी लावा. कुंडी मोजून पाण्याने भरा आणि आकडा लिहून ठेवा, समजा ४ लिटर. पाणी ओतून टाका, कुंडी पुसून तेवढीच भरेल असे ओलसर मिश्रण घाला, एक-दोनदा जमिनीवर आपटून बसवा. आता कडेने हळूहळू पाणी सोडत राहा, वर चकाकी दिसेपर्यंत. तासाभराने पातळी उतरली असेल तर पुन्हा भरा. मग कुंडी घमेल्यावर धरून पट्टी काढा आणि अर्धा तास निथळू द्या. घमेल्यात आले ६०० मिलिलिटर, तर ४ लिटरच्या १५ टक्के. याचा अर्थ पाणी घातल्यानंतर लगेचच तुमच्या मातीत १५ टक्के जागा हवेसाठी मोकळी आहे. १० टक्क्यांच्या खाली असेल तर घरातल्या झाडाला ते मिश्रण वापरू नका. १५ ते २० मध्ये रबर प्लांट खूश असतो. ऑर्किडसारख्यांना ३० च्या पुढे लागते. तुमचे आताचे मिश्रण मोजून बघा आणि नवेही मोजा. दोन्ही घमेली शेजारी ठेवली की फरक डोळ्यांना दिसेल.

कुंडी उरलेल्या मुळांना बघून निवडा. मुळांच्या गोळ्याभोवती सगळीकडून दोन बोटे जागा उरेल एवढीच घ्या. तुमच्या झाडाला बहुधा जुनी १२ सेंटिमीटरचीच परत लागेल. मनाला लागेल, झाड मोठे आणि कुंडी छोटी, पण काही महिने तसेच राहू द्या. डोलून पडत असेल तर ही लहान कुंडी मोठ्या शोभेच्या कुंडीत ठेवा. न रंगवलेली मातीची कुंडी मिळाली तर उत्तम, तिच्या भिंतीतूनही पाणी उडते. प्लास्टिकची असेल तरी चालेल, फक्त पाण्याचे दिवस वाढतील. बशीत खाली तीन-चार चपटे दगड ठेवून कुंडी उचलून धरा आणि बशीत उतरलेले पाणी अर्ध्या तासात ओतून द्या.

लावताना माती मुठीने ठासू नका. काडीने मुळांच्या मधोमध सारायची, कुंडी आपटायची, बस. एकदा पूर्ण पाणी द्या, भोकातून वाहील इतके. निचरा वाईट म्हणून चमच्या-चमच्याने पाणी देणारेही पुष्कळ आहेत. त्याने वरची दोन बोटे ओली राहतात आणि खाली क्षार साठत जातात. मोकळ्या मातीचा खरा फायदा हा, की तिला भरपूर पाणी देता येते. उन्हात ठेवू नका, उजेड भरपूर पण थेट ऊन नाही अशी जागा बघा. कमी मुळांवर झाडाला उन्हाचा खर्च झेपत नाही.

पाणी देऊन निथळल्यावर कुंडी उचला आणि ते वजन हातात लक्षात ठेवा. त्यानंतर दोन-तीन दिवसांनी पुन्हा उचला. हलकी झाली की पाणी. वार ठरवून पाणी घालू नका, ढगाळ आठवड्यात आणि कडक उन्हाच्या आठवड्यात झाड सारखे पीत नाही. हाताचा भरवसा वाटेपर्यंत लाकडी काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी काढून बघा. ओली, गडद निघाली तर थांबा. बाजारातले दोन टोकांचे ओलावामापक मी वापरून सोडून दिले. मोकळ्या मातीत ते वाट्टेल ते सांगतात.

एक फसगत ध्यानात ठेवा. कोकोपीट पूर्ण सुकले की गोळा आकसतो, कुंडीच्या कडेशी फट पडते आणि घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली येते. बघणाऱ्याला वाटते निचरा काय झकास आहे. गोळा आतून कोरडा ठणठणीत असतो. अशा वेळी कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास बुडवून ठेवावी लागते, मग निथळू द्यायची.

हायड्रोजन पेरॉक्साइडबद्दल कुणीतरी सांगेलच, म्हणून दोन शब्द. ते मातीत पडताच फसफसून संपते. क्षणभर ऑक्सिजन मिळतो, पण साचलेले पाणी तिथेच असते. तळाशी कोळशाचा थर घालून पाणी ‘गोड’ राहते, हेही मला कधी दिसले नाही. कोळसा जाड तुकड्यांत मिश्रणात घातला तर विटेच्या चुऱ्याइतकाच उपयोगी. कुंडीभोवती चिलटांसारख्या बारीक माश्या उडत असतील तर त्यांच्या अळ्या वरच्या ओल्या थरात आहेत. वरची दोन बोटे सुकू दिली की त्या आपोआप कमी होतात.

खत आता नको. खालची पिवळी पाने बघून ते द्यावेसे वाटते, पण ते पिवळेपण अन्नाच्या तुटवड्याचे नाही. मुळे अन्न घेऊ शकत नव्हती, त्याचे आहे. जखमी मुळांवर खताचे क्षार पडले की उरलेलीही भाजतात. पिवळे पडलेले पान पुन्हा हिरवे होणार नाही, ते पडू द्या. पहिल्या दोन आठवड्यांत आणखी एक-दोन पाने गळाली तरी घाबरून पुन्हा उपटून बघू नका, नव्या मुळांची टोके त्या उचलाउचलीतच तुटतात. शेंड्याकडे लक्ष ठेवा. रबर प्लांटचे नवे पान लालसर टोकदार आवरणात गुंडाळलेले येते. ते आवरण लांबू लागले, आठवड्याला बोटाच्या रुंदीएवढे पुढे सरकू लागले, की खाली मुळे कामाला लागली. त्यातून पान उलगडले की पाकिटावर सांगितलेल्या मापाच्या पाव भागाएवढे पातळ करून पहिले खत द्या.